पैसे मोजले, पावती घेतली, तरी डबा कंपनीचाच? गेमच्या कुलपाची चाळीस वर्षांची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. राजकारणावर नाही, त्यामुळे भांडायला फारसं काही मिळणार नाही. पण घरात कुणी पोरगं गेम खेळत असेल, किंवा साधा मोबाईल दुरुस्तीला टाकायची वेळ तुमच्यावर आली असेल, तर विषय तुमचाच आहे.

मागच्या आठवड्यात एसटी स्टँडसमोर एका मित्राच्या दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. (बातमीदाराला दोन ठिकाणी बातमी फुकट मिळते. एक चहाची टपरी, दुसरं मोबाईल दुरुस्तीचं दुकान.) काउंटरवर गेमचा एक काळा डबा उघडून पडला होता. बारावीतला एक पोरगा आणि त्याचे वडील समोर उभे. विजांच्या कडकडाटात लाईट गेली-आली आणि डब्यातल्या डिस्क ड्राईव्हचा बोर्ड जळाला. बाकी मशीन ठणठणीत. मित्राने सोलापूरहून दुसऱ्या बंद पडलेल्या मशीनचा ड्राईव्ह मागवला, बसवला. मशीन सुरू झालं, स्क्रीन आली, पण डिस्क काही घेईना.

"दादा, ड्राईव्ह चांगला आहे, मशीन पण चांगलं आहे," मित्र म्हणाला, "पण दोघांची ओळख नाही. कारखान्यातच दोघांची जोडी लावून देतात. दुसरा बसवला की मशीन त्याला पाहुणा समजतं, आत घेत नाही."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन झाला होता. वॉरंटी संपलेली, पार्ट सुटा मिळत नाही, नवीन मशीन घ्या. पोराकडे चौदा डिस्क आहेत, सगळ्या ओरिजिनल, मित्रांकडून सेकंडहँड घेतलेल्या, काही बदलाबदली केलेल्या. त्या आता घरात बशा म्हणून वापरायच्या.

वडील एसटीत कंडक्टर. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पैसे मी दिले, पावती माझ्या नावावर. मग आतला पार्ट बदलायचा का नाही, हे ते कोण ठरवणार?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन दोन-तीन रात्री वाचत बसलो. आणि कळलं की हाच प्रश्न घेऊन लोक अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, युरोपात चाळीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतायत. कधी ग्राहक जिंकला, कधी कंपनी, आणि कधी ग्राहक जिंकल्यावर कायदाच बदलला.

सुरुवात आपल्या लहानपणापासून करू. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम' नावाची चीज आली. मळकट पांढरा डबा, वर पिवळी कॅसेट ठोकायची, टीव्हीचं चॅनल जुळवायचं आणि मारिओ, काँट्रा सुरू. कॅसेटवर '९९९ इन १' लिहिलेलं आणि आत खरे गेम सात-आठच, तेच पुन्हा पुन्हा. आमच्या गल्लीत एकाकडे होता, तासाला एक रुपया घ्यायचा. तो आता नगरसेवक आहे. असो.

तो डबा म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम' या मशीनची नक्कल होती. फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला बाजारात आलं. त्यात कुलूप नव्हतं. कुणीही कॅसेट बनवावी, घालावी, चालावी. त्यामुळेच त्याच्या नकला जगभर पसरल्या आणि त्यातलीच एक आमच्या गल्लीत येऊन पोचली. आमचं बालपण त्या नसलेल्या कुलपावर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

हेच मशीन निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेत नेलं, तेव्हा मात्र त्यात एक चिप घातली. कारण असं की १९८३ च्या सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा पार बसला होता. ज्याला त्याला गेम काढायची घाई, दुकानं भंगार कॅसेटींनी भरलेली, आणि दुकानदार पुन्हा त्या मालाला हात लावायला तयार नव्हते. निन्टेन्डोने ठरवलं की आपल्या मशीनवर काय चालणार ते आपणच ठरवायचं. एक चिप मशीनमध्ये, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. मशीन चालू झालं की दोघी आपापसात सांकेतिक भाषेत बोलत राहतात. उत्तर जुळलं नाही की मशीन दर सेकंदाला स्वतःला बंद-चालू करत बसतं.

जोडीदार चिप फक्त निन्टेन्डोकडे मिळायची. म्हणजे दुसऱ्या कंपनीला गेम काढायचा तर निन्टेन्डोची परवानगी, कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या, आणि वर्षाला पाचच्या वर गेम काढायचे नाहीत. तेव्हा हे लक्षात घ्या की पहिलं कुलूप ग्राहकाला अडवायला नव्हतंच. ते दुसऱ्या व्यापाऱ्याला बाजाराबाहेर ठेवायला होतं. बाजार समितीत लायसन नसलेल्याला माल उतरवू देत नाहीत, तसंच.

पण भोगलं ग्राहकाने. कॅसेटच्या टोकाला जरा धूळ बसली, संपर्क नीट झाला नाही, की चिपांचं बोलणं तुटायचं आणि ओरिजिनल कॅसेट घातलेल्या प्रामाणिक माणसाचं मशीन लुकलुकत बसायचं. मग लोक कॅसेट काढून फुंकर मारायचे. (आपण पण मारायचो, आपल्या डब्यात ती चिप नसूनही. फुंकर ही जागतिक श्रद्धा आहे.) पुढे हौशी लोकांना कळलं की मशीनमधल्या त्या चिपचा चार नंबरचा पाय कापला की कटकट मिटते. कात्रीने कापलेला तो एक पाय म्हणजे गेम मशीनवरची एक जुनी 'मॉडिफिकेशन'.

अटारी गेम्स कंपनीने वेगळा मार्ग धरला. तिला स्वतःची जुळणारी चिप बनवायची होती, पण कोड उलगडेना. तेव्हा १९८८ मध्ये तिच्या वकिलांनी अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसात जाऊन सांगितलं की आमच्यावर खटला आहे, त्यासाठी निन्टेन्डोच्या कोडची प्रत हवी. असा कुठलाही खटला तेव्हा नव्हता. प्रत मिळाली, चिप तयार झाली, 'टेन्जेन' नावाने कॅसेटी बाजारात आल्या, आणि मग खरोखरचा खटला झाला. अपील कोर्टाने १९९२ मध्ये जे म्हटलं त्याचा मतितार्थ असा: दुसऱ्याची वस्तू उघडून ती कशी चालते हे अभ्यासणं गुन्हा नाही, पण खोटं बोलून कोड मिळवलेल्याला तो बचाव घेता येत नाही. तहसील कचेरीत कागद कसा मिळवतात हे पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आता मला सगळ्यात आवडलेली केस. 'गेम जिनी' नावाची एक वस्तू होती. मूळ ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीची, अमेरिकेत विकायला घेतली गलूब नावाच्या खेळणी कंपनीने. मशीन आणि कॅसेट यांच्या मध्ये ती बसवायची. त्यावर एक कोड टाकला की मारिओला अमर करता यायचं, उडी उंच करता यायची. कॅसेटमधलं काही बदलायचं नाही. फक्त मशीन कॅसेटमधून जे वाचतं त्यातली एक-दोन-तीन मूल्यं वाटेत बदलायची. गेम जिनी काढली की सगळं पहिल्यासारखं.

निन्टेन्डोचं म्हणणं, आमच्या गेममध्ये फेरफार करून तुम्ही नवीन कलाकृती बनवताय, तो हक्क आमचा. १९९० मध्ये कोर्टाने विक्रीवर बंदी घातली. पण बंदी घालताना एक अट टाकली. पुढे तुम्ही हरलात तर समोरच्याचं नुकसान भरून द्यायला दीड कोटी डॉलरची हमी ठेवा. (आपल्याकडे स्टे ऑर्डर घेताना अशी जबर हमी लागली असती तर निम्मे दावे दाखलच झाले नसते.)

जज होत्या फर्न स्मिथ. अटारीच्या केसमध्ये निन्टेन्डोच्या बाजूने आदेश देणाऱ्या जज त्याच. इथे १९९१ मध्ये त्यांनी निकाल गलूबच्या बाजूने दिला. म्हणणं सरळ होतं. माणसाने गेम विकत घेतला, आता तो घरात बसून स्वतःच्या मजेसाठी वेगळ्या पद्धतीने खेळतोय. पुस्तक घेतलेल्या माणसाने शेवटचं पान आधी वाचलं, मधली प्रकरणं गाळली, तर लेखकाने कोर्टात जायचं का? १९९२ मध्ये अपील कोर्टानेही तेच उचलून धरलं. आणि वर्षभर बंदीमुळे बुडालेल्या धंद्यापोटी हमीची ती सगळी दीड कोटीची रक्कम गलूबला मिळाली.

त्याच सुमारास, १९९१ मध्ये, निन्टेन्डोवर दुकानदारांना ठरावीक भावाच्या खाली विकू न दिल्याचा सरकारी आरोप होता. तो तडजोडीत मिटला, आणि ग्राहकांना भरपाई म्हणून काय मिळालं? पाच डॉलर सवलतीची कुपनं. पुढची निन्टेन्डोचीच वस्तू घेताना वापरायची!

इथवर ग्राहकाचं पारडं बरं होतं. सेगा कंपनीनेही आपल्या मशीनला असंच कुलूप लावलं होतं, अ‍ॅकोलेड नावाच्या छोट्या कंपनीने ते उलगडून स्वतःचे गेम काढले, आणि १९९२ मध्ये कोर्टाने तिलाही बरोबर ठरवलं. मग सीडीचा जमाना आला.

सोनीचं प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात निघालं. गेम आता सीडीवर, आणि सीडी तर घरोघरी कॉपी होऊ लागलेली. सोनीने युक्ती केली. ओरिजिनल डिस्कच्या सुरुवातीच्या भागात रेषा जाणूनबुजून किंचित नागमोडी ठेवली, आणि त्या नागमोडीत चार इंग्रजी अक्षरं लपवली. घरच्या रायटरला ती नागमोडी उमटवता येत नाही. मशीन आधी ती अक्षरं शोधतं, नसली तर डिस्क परत. शिवाय अक्षरं जपानला वेगळी, अमेरिकेला वेगळी, युरोपला वेगळी. म्हणजे कॉपी केलेली डिस्क तर अडायचीच, पण जपानहून रीतसर पैसे देऊन आणलेली ओरिजिनल डिस्कसुद्धा अमेरिकेतल्या मशीनमध्ये अडायची.

यावर उतारा म्हणजे मॉडचिप. नखाएवढी चिप, चार-पाच वायरी, काम एकच. डिस्कवर काही असो नसो, मशीनच्या कानात ती चार अक्षरं सांगत राहायची. आपल्याकडे याला 'चिप मारणं' म्हणायचे. आता इथे मखलाशी करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे चिप मारायची ती फुटपाथवरची पन्नास रुपयांची सीडी चालावी म्हणूनच. मीही डिप्लोमाला असताना रूम पार्टनरच्या चिप मारलेल्या मशीनवर रात्री जागवल्यात. तेव्हा 'हक्क' वगैरे शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. कंपन्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती, हे लिहिलं पाहिजे, नाहीतर ही पोस्ट एकतर्फी होईल.

पण कंपन्यांनी या खऱ्या तक्रारीवर जो कायदा करून घेतला, तो तक्रारीपेक्षा फार मोठा निघाला. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत 'डीएमसीए' कायदा आला. त्याचं कलम १२०१ म्हणतं की कुलूप तोडणं हाच गुन्हा. आत जाऊन चोरी केली का, हा प्रश्न वेगळा. कुलूप तोडायचं साधन विकलं तरी गुन्हा, आणि धंद्यासाठी केलं तर पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद. स्वतःच्या घराची किल्ली हरवली म्हणून कडी तोडणारा आणि दुसऱ्याच्या घरात घुसणारा, दोघं एकाच रांगेत.

ऑस्ट्रेलियात मात्र वेगळं घडलं. सिडनीत स्टीव्हन्स नावाचा माणूस प्लेस्टेशनला चिपा बसवून द्यायचा. तो काही संत नव्हता, कॉपी केलेले गेम विकल्याचंही कोर्टात आलं होतं. सोनीने त्याला कोर्टात खेचलं. पण या खटल्यात चिपवाल्याच्या बाजूने मत मांडायला कोण उभं राहिलं? तिथली सरकारी ग्राहक संस्था, ऑस्ट्रेलियन कॉम्पिटिशन अँड कन्झ्युमर कमिशन. तिचं म्हणणं, प्रश्न एका स्टीव्हन्सचा नाही. परदेशातून घेतलेला ओरिजिनल गेम चालू न देणं म्हणजे ग्राहकाला एकाच देशाच्या भावात बांधून ठेवणं, आणि कॉपीराइटच्या नावाखाली ते करू देऊ नका.

पहिल्या कोर्टात स्टीव्हन्स जिंकला, अपिलात २००३ मध्ये हरला, आणि ६ ऑक्टोबर २००५ ला ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (ते तिथलं सर्वोच्च न्यायालय) एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. कायद्यात संरक्षण कुठल्या कुलपाला, तर जे कॉपीराइटचा भंग अडवतं त्याला. सोनीचं कुलूप कॉपी करणं अडवतच नाही. कॉपी आधीच होऊन गेलेली असते. कुलूप फक्त ती डिस्क *चालवणं* अडवतं, आणि डिस्क चालवणं हा कॉपीराइटचा भंग नाही. म्हणजे हे कुलूप कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. विषय संपला.

विषय कसला संपतोय! ऑस्ट्रेलियाने त्याआधीच अमेरिकेशी व्यापार करार केला होता आणि त्यात कुलपांचा कायदा कडक करायचं कबूल केलं होतं. २००६ मध्ये दुरुस्ती आली, व्याख्या बदलली. ग्राहकाने सर्वोच्च न्यायालयात मिळवलेलं संसदेत गेलं. तरी एक गोष्ट टिकली. देशादेशांत बाजार वाटून घेण्यासाठी लावलेल्या कुलपाला नव्या व्याख्येतून वगळलं. ग्राहक संस्थेने घातलेला तो वाद अगदीच वाया गेला नाही.

आता प्लेस्टेशन ३ कडे येतो, कारण मला वाटतं सगळ्यात सरळ अन्याय इथे झाला. हे मशीन नोव्हेंबर २००६ मध्ये आलं, अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. महाग का, तर हा नुसता गेमचा डबा नाही, संगणक आहे, असं सोनी सांगायची. आणि त्यात खरोखर 'अदर ओएस' नावाची सोय होती. तुम्ही लिनक्स घालून त्याचा कॉम्प्युटर करू शकत होता. कंपनीने स्वतः दिलेली सोय, कुठलीही चिप न मारता.

लोकांनी ती वापरली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ कॅम्पसमधले भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी आठ प्लेस्टेशन एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणितं सोडवायला घेतली, त्यातले काही डबे खुद्द सोनीने दिले होते. अमेरिकेच्या हवाई दलाने तर सतराशेहून अधिक प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभा केला. मोठ्या महासंगणकाला लागणाऱ्या पैशाच्या मानाने तो फारच स्वस्तात पडला.

२०१० च्या जानेवारीत जॉर्ज हॉट्झ नावाच्या वीस वर्षांच्या पोराने जाहीर केलं की मला या मशीनच्या आतल्या भागात पोचता आलंय. त्यासाठी त्याने लिनक्सची वाट वापरली होती. सोनीने काय करावं? १ एप्रिल २०१० ला एक अपडेट काढलं. अपडेट घ्या, लिनक्सची सोय कायमची जाईल. नाही घेतलं तर ऑनलाइन खेळणं बंद, नवीन गेम बंद. लोकांना वाटलं एप्रिल फूल आहे.

विचार करा. तुम्ही ट्रॅक्टर घेतला, जाहिरातीत होतं की नांगरटही होईल आणि मळणीयंत्रही चालेल. चार वर्षांनी डीलर येऊन म्हणतो, यापुढे नांगरट हवी की मळणी, एक निवडा. पैसे परत नाहीत.

फिनलंडच्या ग्राहक तक्रार मंडळाने एका तक्रारदाराला शंभर युरो द्यावेत अशी शिफारस केली. अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. त्याचा शेवट कधी झाला असेल? २०१८ मध्ये! २०१६ ची पहिली तडजोड जजनेच नाकारली, मग दुसरी झाली. एकूण ३७ लाख ५० हजार डॉलर, माणशी फार तर ६५. आठ वर्षं. आपल्या ग्राहक मंचातल्या तारखांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दरम्यान सप्टेंबर २०११ मध्ये सोनीने आपल्या ऑनलाइन सेवेच्या अटींत एक ओळ वाढवून ठेवली होती, की यापुढे अमेरिकेतल्या ग्राहकाने एकत्र येऊन असा सामूहिक दावा करायचा नाही. 'मी सहमत आहे' हे बटण आपण न वाचता दाबतो ना, त्याच्यामागे असलं काहीतरी असतं.

सोनीच्या अपडेटने कुलूप मजबूत झालं का? उलट झालं. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत काही तंत्रज्ञांनी दाखवलं की सोनी प्रत्येक डिजिटल सहीसाठी जो नवा यादृच्छिक आकडा वापरायला हवा, तो दर वेळी एकच वापरते. मग शाळेतल्या बीजगणिताने गुप्त किल्ली काढता येते. त्यांचं म्हणणं होतं की इतकी वर्षं हे मशीन फुटलं नाही, कारण हुशार लोकांना हवं ते लिनक्स त्यांना मिळत होतं. ते काढून घेतलं आणि त्यांना कामाला लावलं. जानेवारी २०११ मध्ये हॉट्झने मुख्य किल्ली जाहीर केली, सोनीने त्याच्यावर खटला भरला, आणि एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली. पुन्हा सोनीच्या वस्तूंच्या वाटेला जाणार नाही, असं त्याने लिहून दिलं. त्याच महिन्यात भलत्याच कुणीतरी सोनीचं ऑनलाइन जाळं फोडलं. सात कोटी सत्तर लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. ग्राहकापासून मशीन जपण्यात कंपनी गुंतलेली, आणि ग्राहकाची माहिती जपायची राहिली.

अमेरिकेत दर तीन वर्षांनी कलम १२०१ मधून सवलती मागता येतात. मोबाईलचं कुलूप काढायला २०१० मध्ये सवलत मिळाली, ट्रॅक्टरला २०१५ मध्ये. गेम मशीनला २०१२ मध्ये नाही, २०१५ मध्येही नाही. २०२१ मध्ये कुठे एक फट उघडली. ती कशाला माहितीये? बिघडलेला डिस्क ड्राईव्ह बदलायला. अगदी आपल्या कंडक्टरसाहेबांचीच केस. पण अट अशी की ड्राईव्ह बदलल्यावर कुलूप पुन्हा लावून ठेवायचं. आणि गंमत म्हणजे त्यासाठी लागणारं साधन विकायची परवानगी कुणालाच नाही. विहिरीवर पाणी भरा, पण पोहरा विकत मिळणार नाही.

कंपन्यांच्या बाजूने कायदा किती लांब जातो, याचं अलीकडचं उदाहरण गॅरी बाउझर. कॅनडाचा माणूस, निन्टेन्डो स्विचचं कुलूप तोडणारी साधनं विकणाऱ्या टोळीत होता. त्याने गुन्हा कबूल केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली आणि निन्टेन्डोला एकूण १ कोटी ४५ लाख डॉलर द्यायचे ठरले. हा पैसे कमावणारा धंदाच होता, त्याची बाजू मी घेत नाही. पण उरलेल्या आयुष्यातल्या मिळकतीतून हप्ते, ही शिक्षा मला जड वाटते. (मारिओच्या गेममधल्या खलनायकाचं नावही बाउझर, आणि तेव्हा निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या प्रमुखाचंही आडनाव बाउझरच. असलं कादंबरीत लिहिलं तर संपादक कापतो.)

आता आपल्याकडे या. ग्राहक चळवळीत आपण काही मागे नव्हतो. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या बारा वर्षं आधी. आणि कुलपांच्या बाबतीत आपला कायदा, माझ्या समजुतीप्रमाणे, अमेरिकेपेक्षा शहाणा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण कधी? कॉपीराइटचा भंग करण्याच्या *हेतूने* तोडलं तर. कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं, तर हे कलम लागत नाही. म्हणजे चोरटी सीडी चालवायला चिप मारणं वेगळं आणि जळका पार्ट बदलणं वेगळं, हा फरक आपल्या कायद्याला कळतो.

त्यातच एक तरतूद आहे, ती वाचून मी रात्री साडेअकराला मित्राला फोन केला. दुसऱ्याला असं कुलूप काढून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कशासाठी काढून दिलं, याची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे दुरुस्तीवाल्याने वही ठेवायची! मित्र म्हणाला, "दादा, माझ्याकडे वही आहे, पण ती उधारीची."

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राईट टू रिपेअर' पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या, असे चार गट. कंपन्यांनी त्यावर दुरुस्तीची माहिती आणि पार्टची माहिती द्यायची अशी कल्पना आहे. पण कंपनीला जबरदस्तीने सुटा पार्ट द्यायला लावणारा वेगळा कायदा अजून झालेला नाही. कायदा कुलूप काढू देतो, पण काढायचं कसं हे सांगायला कंपनी बांधील नाही. पोराचा डबा नेमका त्या दोन वाक्यांच्या मध्ये अडकलाय.

कंडक्टरसाहेबांना मी दोन गोष्टी सांगितल्या. कंपनीला लेखी पत्र द्या, पार्ट देत नाही याचं कारण लेखी मागा, मग ग्राहक आयोगाकडे जायचं का ते वकिलाला विचारून ठरवू. पत्र मीच टाईप करून दिलं, काल पोस्टाने गेलं. उत्तर आलं की इथे टाकेन, नाही आलं तरी टाकेन.

तोवर मित्राच्या डोक्यात वेगळीच आयडिया आहे. सुटा ड्राईव्ह चालत नाही, पण ड्राईव्ह आणि मदरबोर्ड एकाच मशीनचे असतील तर जोडी जुळलेलीच असते. तेव्हा बार्शी, वैराग, कुर्डुवाडी भागात कुणाकडे पॉवर सप्लाय गेलेला, एचडीएमआयचं पोर्ट तुटलेलं, कसंही बंद पडलेलं मशीन पडून असेल तर मला इनबॉक्समध्ये मॉडेल नंबर पाठवा, मी जुळतो का ते सांगतो. अट एकच, आतलं काही काढलेलं नसावं. वाजवी पैसे देऊ. पोराची बारावीची परीक्षा आहे, त्यामुळे घाई नाही. तसं त्याच्या आईने मला दोनदा बजावून सांगितलंय.